लाल बोयापलीकडचं पाणी

पैनगंगा आमच्याच भागात उगम पावते, त्यामुळे देऊळघाटाजवळ ती अजून नदी व्हायची असते. उन्हाळ्यात तिच्यातून बैलगाडी काढली तर चाकंसुद्धा धड भिजत नाहीत. अशा नदीच्या काठावर उकंडराव जन्मले, तिथेच त्यांनी ज्वारी-कपाशी पिकवली आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी पाय घातला नाही. या माणसाने काही दिवस मुंबईच्या लाँचचा पास काढून समुद्रावरून रोज ये-जा केली, हे आज गावात सांगितलं तर नवी मुलं हसतात. मी मात्र शेजारी बसलेलो होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी कॉमर्स शिकून उरणच्या एका मिठाच्या पेढीत हिशेबनीस म्हणून लागलो होतो. राहायला परळला, थोरल्या भावाच्या खोलीत. त्यामुळे माझा प्रवास उलटा होता. उरणची माणसं सकाळी लाँचने मुंबईला नोकरीला येत आणि मी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून पलीकडे मोरा बंदरावर उतरत असे. तिथून टांग्याने उरण. माझ्याच पेढीत अमडापूरचा सहदेव होता. तो बायकोसह उरणलाच राहायचा. त्याची बायको कोकिळा ही उकंडरावांची एकुलती एक मुलगी.

कोकिळेचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं. म्हणून वैशाखात उकंडराव तिला न्यायला आले. घरी सूनही अवघडलेली, त्यामुळे त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, निघता आलं नाही. पण उरणच्या डॉक्टरीणबाईंनी कोकिळेला प्रवास साफ मना केला. सहदेवची आई, कौशल्याबाई, अमडापूरहून येऊन दाखल झाली. आता उकंडरावांनी परत जावं, एवढंच उरलं होतं.

"लेकीले अशा टायमाले सोडून जाऊ?" ते मला म्हणाले. "पोरगं होईलोक मी हालत नाई."

"मग काका, सहदेवकडेच राहा की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेढीची तिजोरी फोडायला सुचवलं होतं. "अन् पाणी?"

आमच्याकडे जुनी माणसं नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. उकंडरावांच्या आईने ही रीत आणखी कडक करून ठेवली होती. लेकीचं घरच नव्हे, लेकीच्या गावची शीव ओलांडली की तिथल्या विहिरीचं, नदीचं, कुणाच्याही माठातलं पाणी वर्ज्य. रीत मोडली की त्याचा ताप लेकीला होतो, असं म्हातारी सांगून गेली होती.

तेव्हा ते गावकीच्या नात्याने माझ्या भावाकडे राहिले. सकाळी वहिनींच्या हातची भाकर आणि ठेचा बांधून घ्यायचा, परळच्या नळाचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरायचं, झाकण घट्ट पिळायचं आणि माझ्याबरोबर लाँचने उरणला जायचं. दिवसभर लेकीसमोर बसायचं, आपलीच भाकर खायची, आपलंच पाणी प्यायचं आणि संध्याकाळच्या लाँचने माझ्याबरोबर परत. कौशल्याबाई रोज आपल्या या व्याह्यांपुढे पाण्याचा भरलेला पेला ठेवत.

"घ्या इवाई, उन्हातून आले."

"ठेवा."

"आमच्या माठात काय इख हाये काय?"

"नाई नं बाप्पा. तुमचा माठ लय थंड दिसून राह्यला. म्हणून तं तिकडे पाहात नाई."

लाँचवरचा त्यांचा पहिला दिवस मला अजून आठवतो. धक्क्यावर उभं राहूनच त्यांनी खांद्यावरचा रुमाल आत भिरकावला आणि "ही शीट माही!" अशी आरोळी दिली. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची त्यांची सवय. रुमाल पडला एका कासाराच्या बांगड्यांच्या पेटीवर, आणि कासार तिथून उठायला तयार होईना. लाँच सुटल्यावर मागून एक माणूस धावत आला, तर उकंडराव सारंगाकडे, म्हणजे लाँच चालवणाऱ्याकडे, जाऊन म्हणाले, "थांबव नं बे, एक शीट राह्यली!" सारंग हसून म्हणाला, "काका, हिला ब्रेक नसतो." हे ऐकल्यावर मात्र ते खाली बसले आणि मोऱ्यापर्यंत दोन्ही हातांनी बाक धरून होते.

दुसऱ्या दिवशी भीती जरा कमी झाली आणि नवीच काळजी सुरू झाली. वाऱ्याने पाण्याचे तुषार तोंडावर येत होते. उकंडरावांनी सवयीने ओठांवरून जीभ फिरवली आणि एकदम दचकले.

"जानराव, हे पाणी कोन्या गावचं?"

"समुद्राचं, काका."

"समुद्राले शीव नाई काय? उरणची शीव कोठून लागते?"

मी हिशेब शिकलेला माणूस. समुद्रात उरणची हद्द कुठे सुरू होते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते उठून थेट सारंगाकडे गेले. सारंगाने आधी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग त्याने समोर बोट दाखवलं. बोटींना वाट कळावी म्हणून पाण्यात बांधलेलं एक लोखंडी, तरंगतं, लाल पिंप तिथे होतं. त्याला बोया म्हणतात.

"तो लाल बोया दिसतो ना काका? तिथून उरण."

सारंगाने ते थट्टेने सांगितलं होतं. उकंडरावांनी तलाठ्याने सांगावं तसं ऐकलं. त्या दिवसापासून लाल बोया जवळ आला की ते खांद्यावरचा रुमाल काढत आणि नाकातोंडावर करकचून बांधत. संध्याकाळी परत येताना बोया मागे पडला की सोडत. डोळे तेवढे उघडे. नवा प्रवासी बसला की आपलं सामान जवळ ओढून घ्यायचा. रोजच्या लोकांना मात्र त्याची इतकी सवय झाली, की कुणी डुलकी घेत असेल तर बाकीचे सांगत, "उठा, काकांनी तोंड बांधलं, मोरा आलं."

एका सकाळी ओहोटी होती. ओहोटीला लाँच बंदराला लागत नसे. ती अलीकडेच चिखलाबाहेर उभी राहायची आणि उतारूंना होडीतून किनाऱ्यावर नेत. आदल्या संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंनी "आता आज-उद्या" असं सांगितलं होतं, त्यामुळे उकंडराव घाईत होते. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. होडी लाँचपासून जरा लांब होती. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि होडीवाल्याला ओरडून म्हणाले, "अबे, जराशी जवळ घे नं..."

त्यांचं वाक्य पाण्यात पुरं झालं.

भाकरीचं फडकं वाहून गेलं. डोकं दिसेना, पण एक हात ताठ वर होता आणि त्यात फिरकीचा तांब्या होता. परळचं पाणी सुरक्षित राहिलं होतं. होडीवाल्याने धोतराचा काष्टा पकडून त्यांना वर काढलं, तेव्हा ते खोकले, शिंकले, आणि मग तोंडावर हात ठेवून बसले.

"काका, लागलं का कुठे?"

"गिटलं," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी गिटलं म्या. बोयाच्या इकडे."

मी त्यांना किनाऱ्याकडे चला म्हणालो. ते होडीतून उठून परत लाँचमध्ये चढले. "असं तोंड घेऊन लेकीसमोर जाऊ? तिचे दिवस भरत आले, अन् म्या तिच्या शिवेत पाणी पेलो. तिले काई झालं तं मी वच्छलेले काय सांगू? मी मलकापूरची गाडी धरतो, गावाले जातो."

माणूस चेष्टा करत नव्हता. पेढीवर यायला उशीर होईल, काकांना याच लाँचने परत घेऊन येतो, असा निरोप मी होडीवाल्याबरोबर सहदेवला पाठवला आणि त्यांच्याशेजारी बसलो. लाँच मुंबईकडे फिरली. आता तिच्यात उरणची नोकरदार मंडळी आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी होत्या.

मी माझ्या परीने समजूत घातली. "काका, जेवढं आत गेलं, तेवढं खोकून बाहेर आलं असेल. जमा आणि खर्च सारखे. शिल्लक काही नाही."

"मोजलं काय तू?"

मोजलं नव्हतं.

समोरच्या कोळणीने विचारलं, "काय झायला दादूसला?" मी सगळं सांगितलं. ती टोपलीवर हात आपटून हसली. "आरं, दर्याचं पानी म्हंजे काय पानी हाय? तहान लागली तर कोन पितं ते? ते पोटात गेलं म्हून तू पानी प्यायलास असा होत नाय."

"पण गेलं तं पोटातच नं बाई?"

एक कारकून म्हणाला की पाणी खारट होतं, म्हणजे ते मीठ धरावं. दुसरा म्हणाला, मग तर जास्तच वाईट, लेकीच्या गावचं मीठ खाल्लं. दोघांची तिथेच जुंपली. उकंडराव एकेकाच्या तोंडाकडे आशेने पाहत आणि पुन्हा मान खाली घालत.

हे सगळं सारंगाच्या कानावर जात होतं. बोयाची थट्टा त्याच्याच अंगाशी आली होती. भाऊचा धक्का दिसू लागला तेव्हा त्याने सुकाणू खलाशाच्या हाती दिलं आणि येऊन उकंडरावांसमोर उकिडवा बसला.

"काका, तुम्ही पडलात तेव्हा ओहोटी होती ना?"

"हाव."

"ओहोटी म्हणजे पाणी कुठे चाललेलं असतं?"

"मले काय माहीत?"

"बाहेर. खाडीतून बाहेर, मुंबईच्या अंगाला. भरतीला ते मुंबईकडून मोऱ्याला येतं, ओहोटीला परत जातं. मोऱ्याला मुक्काम नाही करत. रोज यायचं, रोज जायचं." त्याने उकंडरावांच्या खिशातल्या भिजलेल्या पासावर बोट ठेवलं. "तुमच्यासारखंच. तेही पासवालं पाणी. तुम्ही उरणचं पाणी प्यायला नाहीत. मुंबईचं पाणी घरी परत चाललं होतं, ते वाटेत तुम्हांला भेटलं."

उकंडरावांनी तो भिजलेला पास काढून उलटसुलट पाहिला. मग मला म्हणाले, "जानराव, पटते काय तुले?"

"पटतं, काका. तुम्ही उरणला रोज जाता, म्हणून कुणी तुम्हांला उरणकर म्हणतं का?"

"नाई म्हणत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. पहिल्यांदाच चेहरा सैल झाला. "मंग ते पाणी पावणंच झालं. अन् पावण्यानं पावण्याले पाजलं, त्यात रीत काऊन मोडते?"

लाँच धक्क्याला लागली. मंडळी उतरली. कोळीण उतरताना म्हणाली, "दादूस, जा आता लेकीकडे, गाडीबिडी नको." आम्ही दोघे उतरलोच नाही. त्याच लाँचने परत निघालो. उन्हाने त्यांचं धोतर अंगावरच वाळलं होतं आणि त्यावर मिठाची पांढरी रांगोळी उठली होती. लाल बोया आला. त्यांनी रुमाल काढला, झटकला आणि नेहमीसारखा तोंडावर बांधला.

"आता कशाला, काका? पाणी तर पाहुणं ठरलं."

रुमालातून आवाज आला, "आता भरती हाये का ओहोटी, तुले माहीत हाये काय?"

मोऱ्याजवळ लाँच पुन्हा चिखलाबाहेरच थांबली. किनाऱ्यावरून होडी आली. तिच्यात सहदेव उभा होता. पायात वहाण नाही, डोक्यावर टोपी नाही, हातात मात्र पितळेचा पेला, आणि तो सांडू नये म्हणून त्यावर दुसरा हात. त्या पेल्याकडे पाहून उकंडरावांनी बाक घट्ट धरला.

"मामाजी," सहदेव होडीतूनच ओरडला, "मोकळी झाली! दोघी बऱ्या हायेत!"

इतर घरांतले बाप अशा वेळी ओसरीवर येरझाऱ्या घालतात. उकंडराव समुद्रात घालत होते, एवढाच फरक.

त्यांनी रुमाल सोडला, पेल्यासाठी हात पुढे केला. सहदेवने पेला अर्ध्यावर आणला आणि थबकला. मान खाली घालून म्हणाला, "पोरगी झाली, मामाजी. पोरगीले चालते काय हे? माय म्हणते, रीत पोराचीच हाये."

"तुह्या मायले म्हणा, रीत माह्या मायची हाये. नातवंड म्हणली होती थे. नात नातवंड नाई तं काय हाये बे? आण इकडे!"

लाँचच्या कठड्यावरून वाकून त्यांनी पेला घेतला. यावेळी मी त्यांचा काष्टा आधीच धरून ठेवला होता. डोळे मिटून त्यांनी अख्खा पेला एका दमात रिकामा केला. सारंग, खलाशी, उतारू सगळे पाहत होते. उकंडरावांनी डोळे उघडले, एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे.

"सहदेव."

"जी?"

"तुमच्या हिरीचं पाणी आन् हे खालचं पाणी, फरक काय हाये रे?"

उरणच्या त्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागायचं. आम्हांला सवय झाली होती, त्यामुळे त्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या रात्री ते लेकीच्या घरी जेवले आणि तिथेच राहिले. कौशल्याबाईंनी पेल्यावर पेले पुढे केले आणि त्यांनी एकालाही नाही म्हटलं नाही. बारसं आटोपल्यावर मी त्यांना देऊळघाटाला पोचवायला गेलो. फिरकीचा तांब्या त्यांनी मलकापूर येईपर्यंत मांडीवर धरला होता. मला वाटलं, प्रवासासाठी पाणी असेल. घरी पोचल्यावर त्यांनी तो वच्छलाबाईंच्या हातात दिला.

"उरणचं हाये. लेकीच्या घरचं. आता तुले चालते."

वच्छलाबाईंनी झाकण काढलं, एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून नवऱ्याकडे पाहिलं. मग गिळला.

"अन् ह्याच्यासाठी तुम्ही एवढे दिवस तोंड बांधून हिंडले?"

"हाव."

त्यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि तळ लागेपर्यंत खाली ठेवला नाही. मग पदराने तोंड पुसलं. "पोरगी कोनावर गेली?"

"तुह्यावर. लय वरडते."

"मंग सून मोकळी झाली का मले घेऊन चाला. पाह्यल्याबिगर नाई राह्यवत."

"चाल नं," उकंडराव म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. "हे घे. तोंड बांधाचं काम नाई आता, पण शीट धराची अशीन तं धक्क्यावरूनच फेक. अन् बांगड्यावाल्यावर नको फेकू, थो उठत नाई."