जिनिंगच्या आवारात समुद्राचा रॉड

किनाऱ्यावरच्या मंडळींना हसू येईल, पण आज मी हिंगणघाटला राहून समुद्रावरच्या मासेमारीसाठी रॉड निवडला.

बाबा निवृत्त शिक्षक. वेणा नदीवर बांबूच्या काठीने मासे धरतात, समुद्र मात्र पाहिलेला नाही. माझ्यासोबत रत्नागिरीला चला म्हटलं की एकच उत्तर, "रिकाम्या हातानं समुद्र पाहून काय करू? अन् एवढी लांब काठी रेल्वेत नेली तं लोक हासतीन."

दुकानात बॅगेत मावणारे दोनच रॉड परवडण्यासारखे होते. एकात एक सरकणारा हलका होता, पण नदीपुरताच. मी चार तुकड्यांचा घेतला, कारण किनाऱ्यावरून लांब फेकायला लागणारं शिशाचं वजन तो पेलतो.

संध्याकाळी बंद जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात चाचणी घेतली. गळ न लावता नुसतं शिसं बांधलं. शेजारचे काका थांबले. "गुरुजी, कापसात मासे शोधून राह्यले काय?"

"पाणी यायचं हाय अजून," म्हणत बाबांनी रॉड फिरवला. शिसं पार पलीकडच्या भिंतीपाशी पडलं.

घरी येऊन त्यांनी रॉड सुटा केला, टॉवेलात गुंडाळला आणि स्वतःच्या बॅगेत ठेवला.

रत्नागिरीकरांनो, सुरुवात वाळूवरून करावी की खडकावरून?