धूर दर्याक गेलो

आमच्या वाडीत बी.ए. झालेला पहिला माणूस मी. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई तेवढीही नाही. सावंतवाडीला राहून भूगोलात पदवी काढली आणि मिठबावला घरी आलो, ते साल नव्व्याण्णव. त्याच पावसाळ्यात बाबांनी होडी विकली.

होडी शिडाची होती. आजूबाजूच्या सगळ्यांनी मशीन बसवलं, बाबांनी बसवलं नाही. मग त्यांचा डावा खांदा निखळला. तो बसवला, पण जाळं ओढायच्या कामाचा राहिला नाही. मी मासेमारीत उतरणार नव्हतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कारवारच्या एका माणसाला काळी नदीच्या मुखाशी चालवायला शिडाचीच होडी हवी होती. त्याची अट एवढीच, की दिवाळीच्या आत होडी कारवारला पोचली पाहिजे. नाहीतर तो ट्रॉलर पाठवणार आणि दोर बांधून ओढत नेणार.

“दोर बांधून?” बाबा म्हणाले. “माझी होडी म्हणजे काय भाकड गाय आसा?”

मला सोबतीला घेऊन ती स्वतः शीड लावून कारवारात न्यायची, हे त्यांनी ठरवलं. बाकी त्यांना काही नको होतं.

दक्षिणेचा लांब पल्ला मारायचा तर आश्विनात वेळ धरावी लागते. घाईनं निघालात तर संध्याकाळी सह्याद्रीकडून ढग चढून येतात, विजा कडाडतात आणि वारा कुठूनही थोबाडीत मारतो. ते दिवस सरले की हवेला एक शिस्त येते. पहाटे जमिनीवरून वारा सुटतो, तो होडी बाहेर काढतो. दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा उठतो, तो किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली ढकलत नेतो. पुस्तकात त्यांना मतलई वारे आणि खारे वारे म्हणतात. त्यावर उत्तर लिहून मी चांगले गुण मिळवलेत.

पण आमच्या घराची एक रीत होती. पहाटे चूल पेटवायची घरकारणीनं. पावसाळाभर कौलांतून निघालेला धूर डोंगराकडे जातो. ज्या दिवशी तो वळून समुद्राकडे जाईल, त्या दिवशी तिनं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात येऊन म्हणायचं, “धूर दर्याक गेलो.” त्याच पहाटे होडी निघायची. ती म्हणत नाही तोवर लांबच्या पल्ल्याला कुणी होडी पाण्यात लोटायची नाही. आम्ही धुराच्या भरवशावर जीव टाकत होतो, असं कुणी समजू नये. रेडिओवरचं हवामान रोज ऐकत होतोच. पण रेडिओ ऐकायचा आणि निघायचं ते घरकारणीच्या शब्दावर.

दसरा झाला. गडगडाट थांबला. रेडिओ म्हणाला, हवा कोरडी. पहाटे उघड्या अंगाला गारवा लागू लागला. बाबा खळ्यात उभे राहून विचारायचे, “काय गो?”

आई चुलीपुढूनच सांगायची, “नाय. अजून डोंगराकच जाता.”

बाबा शिडाला ठिगळ लावत बसायचे. ठिगळ लावायला आता जागा उरली नव्हती. मी खळ्यातच असायचो. धूर माडांच्या शेंड्यांवरून सरळ समुद्राकडे जाताना मला दिसत होता. बाबांनाही दिसत होता. वारा त्यांच्या पाठीला लागत होता, त्यांना सांगायला कुणी कशाला हवं? पण ते मान वर करून बघत नव्हते. रीत मोडायची नव्हती आणि आईला खोटंही पाडायचं नव्हतं.

शेवटी बिंग फोडलं शेजारच्या काकीनं. पाणी भरायला आली, कळशी कडेवर घेऊन उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, “गो वयनी, आमचो धूर परवापासून दर्याक जाता. तुमचोच तेवढो डोंगराक कसो? म्हायेराक जाता की काय?”

आईचं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. मला हसू आवरलं नाही. आई भडकली. “तुझी कळशी भरली मां? मग चलाक लाग!”

काकी गेली, पण बोलणं खळ्यात राहिलं. बाबांनी सुई शिडात खोचून ठेवली.

“खांद्याक भितंस?” त्यांनी विचारलं.

“खांदो गेलो खड्ड्यात,” आई म्हणाली. “तो काय तुम्ही सांभाळतालास. पण होडी देऊन इल्यार करतालास काय? सकाळी उठून जातालास खंय? दोन दिस तरी ती हंयसर ऱ्हवांदे, म्हणान मी गप ऱ्हवलंय.”

दिवाळी तोंडावर आलेली. अजून दोन दिवस गेले असते तर ट्रॉलर आलाच असता, हे आईलाही कळत होतं. म्हणूनच बहुधा ती रडवेली झाली होती.

“मग तू चल,” बाबा म्हणाले.

“खंय?”

“कारवाराक. होडयेतसून.”

आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बाई बसत नाही. आईनं त्या होडीची मासळी विकली, नारळीपुनवेला तिची पूजा केली, तिचं जाळं विणलं. पण पाय कधी आत ठेवला नव्हता.

“बायल होडयेत? येड लागला तुमका? लोक काय म्हणतले?”

“लोक किनाऱ्यार ऱ्हवतले. आणि ती आता मासळीची होडी नाय. इकलेली होडी आसा.”

आई माझ्याकडे वळली. “तू सांग रे तुझ्या बापाशीक. शिकलंस मां एवढो?”

मी म्हटलं, “आये, माका तिसरो माणूस व्हयोच आसा. बाबांच्या खांद्यान शीड उतारचा नाय.”

दुसऱ्या पहाटे आईनं चूल पेटवली, नेसती साडी बदलली आणि खळ्यात येऊन उभी राहिली. वर बघितलंही नाही. “गेलो दर्याक,” एवढंच म्हणाली आणि माझ्या हातात भाकऱ्यांची पिशवी दिली.

तो प्रवास मला आजही पाठ आहे. पहाटे जमिनीचा वारा आम्हाला बाहेर काढायचा. उन्हं वर आली की सगळं थंड पडायचं, शीड लोंबायचं. आई विचारायची, “आता काय वल्हवूचा?” बाबा म्हणायचे, “आता भाकरी खावची.” मग वायव्येकडून पाण्यावर काळपट रेघ यायची, शीड पोट फुगवून उभं राहायचं आणि होडी पळू लागायची. अंधार पडायच्या आत एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा. मालवण मागे पडलं, निवती गेली, वेंगुर्ला गेलं. गोव्याच्या पाण्यात आईला सुकाणू धरता येऊ लागलं होतं. बाबा तिला शिकवताना ओरडत आणि ती उलट ओरडे. “माका दिसता मां! मी आंधळी नाय!” एवढं मोकळं भांडण मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

कारवारच्या तोंडाशी शिरलो तेव्हा दुपारचा वारा भर जोरात होता. शीड बाबांना स्वतः उतरवायचं होतं. त्यांनी उजव्या हातानं दोर सोडला, मी शीड आवरलं आणि आईनं होडी वाळूवर अलगद लावली. विकत घेणारा माणूस गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. सुकाणूवर बाई बघून तो जरा थबकला. मग बाबांना म्हणाला, “इतका उशीर? मी ट्रॉलरवाल्याला उद्याचं सांगणार होतो. वारा तर कधीच लागला होता.”

“तुमच्याकडे लागलो आसतलो,” बाबा म्हणाले. “आमच्याकडे नव्हतो लागलो.”

आई उतरून होडीच्या ओल्या फळ्यांवर हात ठेवून उभी राहिली, बाबा तिच्या शेजारी. त्यांनी मला एस.टी. कधी सुटते ते विचारायला पाठवलं. मी मुद्दाम लांबच्या वाटेनं गेलो.