माळवदाच्या पोटातलं

आमच्या शेतातल्या घराला आम्ही आखाडा म्हणायचो. भोकरदनकडच्या काळ्या रानात, विहिरीच्या अंगाला होतं ते. आता तिथं मोसंबी उभी आहे. इथं घर होतं आणि ते आम्हीच उतरवलं, असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू द्या. त्यांनी सिमेंटच्या स्लॅबशिवाय काही बघितलंय का?

त्या घराचं छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळयांवर काटक्यांचा थर आणि त्यावर माती. वर सपाट, ज्वारी वाळवावी, उन्हाळ्यात निजावं. दरसाली गावच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे पडक्या गावठाणातून, पांढरी माती आणायची आणि वर एक थर चढवायचा, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. चढवायची, काढायची नाही, असा आमच्यात नेमच होता. पणजोबांनी एक खोली बांधली तेव्हापासून माती चढतच होती. आजोबांनी पुढं ओसरी जोडली, बापानं बाजूला गोठा काढला, पण माळवद सगळ्यांवर एकच.

माय त्या माळवदाला भ्यायची. रोज सकाळी काठवटीतल्या पिठात वरून बारीक भुसा पडायचा. "तुळई खाल्ली जाऊन राह्यली," ती म्हणायची. बाप म्हणायचा, "उंदरं असतील. धुरानं काळीकुळकुळीत झालेली तुळई ती, तिला काय धाड भरली?" त्याचं घर, त्याचा शब्द!

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिची बाज पडणार होती नेमकी त्या तुळईखाली, कारण दुसरी आडोशाची जागाच नव्हती. "माझी लेक हितं न्हाई निजायची," माय म्हणाली आणि पदर खोचून, फावडं घेऊन शिडी चढली. मी तिच्या मागं. बाप विहिरीवरून ओरडत आला, "अगं, येडी का खुळी तू? माळवदाची माती काढतेत का कुठं!"

"येडी तर येडी," मायनं वरूनच सुनावलं.

तोवर तिनं चांगला खड्डा पाडला होता. बाप शिव्या देतच वर आला आणि खड्ड्यात वाकला. बाई बाई, काय ते दिसत होतं! थरावर थर, भाकरीच्या चवडीगत. बाप बोट लावून सांगायला लागला. ही राख, गोठ्यातली कडब्याची गंजी पेटली त्या सालची. ही पिवळी, पांढर मिळाली न्हाई तवा नदीची आणलेली. वरच्या अंगाला नखाएवढी धुळीची रेघ होती, तो दुष्काळ. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, माती आणायला कोण होतं? मी तोंडावर हात ठेवून बघतच राह्यले. आमचं सगळं खानदान आमच्या डोक्यावर रचलेलं होतं आणि आम्ही खाली खुशाल घोरत होतो.

बापानं तिच्या हातातलं फावडं घेतलं. मला वाटलं, आता बुजवतो. पण तो खाली खाली खणत गेला, हळूहळू, देव पुसावा तसा. काटक्या बाजूला केल्या, तेव्हा तुळई दिसली. त्यानं तिच्यावर हात टेकला, तर हात मनगटापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं सगळं खाऊन काळी साल तेवढी ठेवली होती. पिढ्यान्पिढ्या तुडवून दगड झालेल्या मातीनं स्वतःच स्वतःला तोलून धरलं होतं. किती वर्षं, देव जाणे!

बापानं हात बाहेर ओढला. "लेकरांना हितं निजवलं म्या," म्हणाला. "इतकी सालं." त्याला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाह्यलं. आता माय त्याला चांगली वाजवते, असं मला वाटलं. मौका सोडणारी बाईच नव्हती ती. पण तिनं पदरानं त्याचा हात पुसला, बाहीवरचा भुसा झटकला.

"उतरा आता बेतानं, भिंतीच्या कडंकडंनं," ती म्हणाली. "लेक यायचीय. तिच्यासाठी जल्दी पाचटाची कोपी घालायला पाह्यजे."