सतराव्या ओळीतलं मांजर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमतात, आणि एक दिवस वरची फळी उघडली की अंगावर पडतात. चेन्नईच्या ऑफिसमधले आम्ही जुने चौघं फोनवर एकत्र आलो की हेच होतं. मुलांच्या शाळा, गुडघेदुखी, कशावरही बोलणं सुरू होवो, गाडी सुंदरराव सरांपाशी येऊन थांबते.

सुंदरराव आमचे प्रोसेसवाले. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक टप्प्याचे एंट्री आणि एक्झिट क्रायटेरिया लिहायचे आणि आम्ही ते पाळतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. म्हणजे काय, तर तवा तापल्याशिवाय भाकरी टाकायची नाही आणि भाजल्याशिवाय उतरवायची नाही. बस, एवढंच. पण एवढंच सांगायला त्यांच्याकडे एक कपाट भरून फॉर्म होते.

मी अकोल्याहून तिथे गेले ती २००८ च्या सुरुवातीला. बाबांनी मोजून एक वर्ष दिलं होतं. "वर्षाच्या आत नोकरी पक्की झाल्याचं पत्र दाखव. नाही मिळालं तर परत ये, स्थळं बघायला घेऊ." बाबा बोलले की बोलले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझा जीव त्या कन्फर्मेशनच्या पत्रात अडकलेला.

*

सरांची पहिली भेट कंपनीच्या बसमध्ये झाली. मी अण्णा नगरला पेइंग गेस्ट होते, ते तिथेच राहायचे. ऑफिस शोळिंगनल्लूरला, दीड तासाचा रस्ता. शेजारी पांढऱ्या शर्टातले, कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ बसले होते. माझं आयकार्ड वाचून त्यांनी विचारलं, "मराठी की? खाल्लीस की नाही?"

मी चाटच पडले. मग कळलं, हे तंजावरकडचे मराठी. घरात तीच जुनी भाषा, मध्येच तमिळ. 'आहे'ला ते 'अस्से' म्हणायचे, आणि मला 'मा', म्हणजे तमिळमध्ये पोरी. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "सर, तुमची मराठी गमतीची आहे हो."

सर शांतपणे म्हणाले, "आमची तीनशे वर्षं तशीच अस्से, मा. बदलली ती तुमची. कोणाला विचारून बदलली? लिहून अस्से का कुठे?"

'लिहून अस्से का?' हा प्रश्न मी पुढे किमान हजार वेळा ऐकला.

*

रिव्ह्यू मीटिंगचा त्यांचा नियम असा, की डॉक्युमेंट वाचून आलेल्यालाच आत घ्यायचं. हा एंट्री क्रायटेरिया. सगळ्याच कंपन्यांत असतो, पाळत कोणी नाही. सर मात्र दारात उभे राहायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे.

एकदा आमचे मॅनेजर मुरली घाईघाईत आले. सरांनी विचारलं, "पान आठवर काय?"

मुरली म्हणाले, "डिझाइनचे डिटेल्स. उत्तम लिहिलेत."

"पान आठ कोरं अस्से," सर म्हणाले. "वाचून या. आम्ही थांबतो."

मॅनेजर जिन्यात बसून चाळीस पानं वाचतायत आणि आम्ही आत त्यांची वाट बघत बसलोय, असं दृश्य मी तरी पुन्हा कुठे पाहिलं नाही. मुरली मनाने मोठे म्हणून चालून गेलं. बाहेर आल्यावर तेच सगळ्यांना सांगत सुटले.

*

आता माझी फजिती.

टेस्टिंग सुरू करण्याआधी बावीस ओळींची चेकलिस्ट भरायची असते. प्रत्येक ओळीपुढे होय किंवा नाही. माझी बस सुटायला दहा मिनिटं होती. मी बावीसच्या बावीस ठिकाणी 'होय' ठोकलं, सही केली आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सर प्रिंट घेऊन माझ्या टेबलापाशी आले. चेहरा अगदी गंभीर. "मा, तुझ्या मांजराचं नाव काय?"

"माझ्याकडे मांजर नाही, सर."

त्यांनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे स्वच्छ इंग्रजीत छापलेलं होतं, 'हे डॉक्युमेंट लेखकाच्या मांजराने वाचून मान्य केले आहे.' पुढे माझं 'होय'. खाली माझी सही.

आख्खा मजला हसला. महिनाभर मला सगळे 'पूनै' म्हणायचे, म्हणजे तमिळमध्ये मांजर. पण हसण्यावारी गेलं नाही ते प्रकरण. न वाचता सही करते अशी नोंद झाली आणि माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या रविवारी बाबांनी विचारलं, "पत्र आलं का?" मी म्हटलं, "येईल."

नोंद ज्यांनी केली तेच सर दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. उरलेल्या एकवीस ओळी त्यांनी एकेक करून माझ्याकडून तपासून घेतल्या. अकराव्या ओळीला कळलं, की आम्ही जुन्याच व्हर्जनवर टेस्टिंग करणार होतो. दोन आठवडे पाण्यात गेले असते. सर एवढंच म्हणाले, "बघ, मांजर बरं. हे वाईट." त्या दोन तासांचे उपकार मी अजून विसरलेले नाही. मला काम कोणी शिकवलं असेल तर त्या दोन तासांनी.

*

ही मांजराची आयडिया सरांच्या डोक्यातली नव्हेच. ती कळली त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा. मामी, म्हणजे सरांच्या मिसेस, सांबार वाढता वाढता म्हणाल्या, "हे कुठलं काय शोधतात? माझंच चोरलं."

झालं असं, की लग्नानंतर मामी सामानाची यादी द्यायच्या आणि सर ती न वाचताच दुकानदाराच्या हातात ठेवायचे. मामींना संशय आला. एकदा त्यांनी हिंग आणि मोहरीच्या मध्ये लिहिलं, 'चंद्र, अर्धा किलो.'

सर पिशवी घेऊन परत आले आणि म्हणाले, "सगळं मिळालं. एकच वस्तू संपली म्हणाला, उद्या येईल."

सर मान खाली घालून भात कालवत होते. तेव्हापासून म्हणे ते प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचतात.

*

मग मंदी आली. आजूबाजूच्या इमारतींतून माणसं खोकी घेऊन बाहेर पडताना दिसायला लागली. आमच्याकडेही यादी झाली. जे कन्फर्म नाहीत ते आधी. अर्थात मी वरच्या दोघांतच.

पुढचं मुरलींनी सांगितलं, कारण मीटिंगमध्ये ते होते. यादी वाचून झाली. सर नुसते कार्यपद्धती बघायला बसलेले. त्यांनी विचारलं, "कोणाला काढायचं याचे क्रायटेरिया लिहून अस्सेत का?"

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "हा मॅनेजमेंटचा निर्णय आहे."

"माणूस आत घेताना आपण चार मुलाखती आणि एकतीस ओळींचा फॉर्म भरतो," सर म्हणाले. "बाहेर काढताना नुसती यादी? पुढल्या महिन्यात ऑडिट अस्से. मी यावर सही करत नाही."

झालं. क्रायटेरिया लिहायला समिती बसली. मसुदा रिव्ह्यूला आला की सर दारात उभे. कोणीतरी न वाचता आलेलं असायचंच, मीटिंग पुढे ढकलली जायची. असं होत होत इतके दिवस गेले, की तोवर एक नवं प्रोजेक्ट आलं आणि माणसं कमी पडायला लागली. आमच्या मजल्यावरचं कोणी गेलं नाही. मी सरांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "मी काय केलं? मसुदा अजून अपुराच अस्से."

*

आता शेवटचं. मंदीत सगळ्यांचीच कन्फर्मेशनं अडकली होती, आणि माझं वर्ष संपायला दोन दिवस होते. शुक्रवार होता. रविवारी बाबांचा फोन येणार, आणि पत्राचा पत्ता नाही.

दुपारी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. माझा कन्फर्मेशनचा फॉर्म आला होता. मुरलींची सही, मॅडमची सही, वरच्या साहेबांची सही. माझी तेवढी राहिलेली. सर कोपऱ्यात कागद चाळत बसले होते. मॅडम म्हणाल्या, "सगळीकडे होय कर आणि सही कर. पत्र सोमवारी."

तरी मी वाचायला लागले. सतराव्या ओळीत होतं, 'कर्मचाऱ्याच्या मांजराची या नेमणुकीस संमती आहे.'

वर तीन सह्या.

मी मॅडमकडे बघितलं. "इथे 'नाही' लिहिलं तर?"

"एक जरी 'नाही' आलं तरी फॉर्म पुन्हा वर जातो. महिना धर." त्यांनी ओळ पाहिलीच नव्हती.

महिना म्हणजे अकोला. मी पेन धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. सर मान वर करेनात. शेवटी मी लिहिलं, 'नाही. माझ्याकडे मांजर नाही.' सही केली आणि रडूच फुटलं.

सरांनी उठून फॉर्म घेतला. एकच ओळ बघितली. मग मॅडमपुढे ठेवून म्हणाले, "हिचं बरोबर अस्से. वरच्या तिघांनी पुन्हा वाचायचं." आणि खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून माझ्या हातात दिले. "दोन्ही वाच."

पहिलं माझं पत्र होतं. आठवड्यापूर्वीच्या तारखेचं, सही होऊन सरांकडे तपासायला आलेलं; म्हणजे फॉर्ममधलं मांजर सरांनीच घातलेलं. ते मी उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दुसरी मामींच्या अक्षरातली सामानाची यादी. कॉफी पूड, हिंग, चंद्र अर्धा किलो, मोहरी.

"सर," मी डोळे पुसत म्हटलं, "यातलं एक मिळणार नाही."

"सरि, बरं," सर म्हणाले. "मग आज जेवायला घरी ये."