वाकायची मनाई

मी हिंगणघाटच्या एका शाळेत शिकवते आणि शाळा सुटली की हॉलमध्ये आमच्या क्रीडाशिक्षकांबरोबर टेबल टेनिस खेळते. एका संध्याकाळी नेटजवळचा चेंडू घ्यायला झुकले आणि कमरेतून निघालेली कळ मांडीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत गेली. टेबल धरून तशीच उभी राहिले. क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, पॉइंट माझा."

घरी नवऱ्यानं लगेच निदान केलं. "या वयात काऊन उड्या मारून राह्यली तू? सोड ते खेळणं!"

लग्नापासून अंगणातल्या नळावरून पाण्याचे हंडे-गुंड मी आणत होते. गॅसचं सिलिंडर मी सरकवत होते, गव्हाचा कट्टा मीच उचलत होते. एवढ्या सगळ्यानं म्हणे माझ्या पाठीला काही झालं नव्हतं. झालं ते त्या फुंकरीनं उडणाऱ्या चेंडूमुळे.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मणक्यातली चकती सरकून नस दबली होती.

"खेळ बंद," ते म्हणाले.

"आणि घरकाम?"

"हलकंफुलकं चालेल."

शेजारच्या खुर्चीवर नवरा मान डोलवत होता. हलकंफुलकं म्हणजे काय, हे त्या दोघांना अगदी नीट ठाऊक असावं.

मग व्यायाम शिकायला वर्ध्याच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊ लागले. त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय उचलता?" हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, त्या ऐकत राहिल्या. "ताई, आधी ते उचलणं बंद. खेळ पुढे हळूहळू सुरू करू. फक्त वाकायचं नाही."

घरी सांगितलं. "त्यात काय एवढं!" म्हणत नवऱ्यानं गुंड उचलले आणि आठवड्याच्या आत कंबर धरून पलंगावर पडला. सासूबाई गरम तेलाची वाटी घेऊन धावल्या. "माहा पोरगा किती राबते बाई!" त्याला वय कोणी विचारलं नाही. लगेच मोटार बसली, पाणी थेट टाकीत चढू लागलं. इतकी वर्षं याच घरात मोटार 'कशाले लागते' होती.

काही महिन्यांनी मी पुन्हा खेळायला गेले. अजूनही थोडं खेळलं की पाऊल बधिर होतं, मुंग्या येतात, मग भिंतीला टेकून थांबते. खाली गेलेला चेंडू आणायचं काम मी क्रीडाशिक्षकांवर सोपवलं.

"बराबर आहे मॅडम, तुमाले कसं वाकता येईन?" ते मोठ्या मनानं म्हणाले.

जोरात मारणं मला आता जमत नाही, पण टेबलाच्या कडेवरून चेंडू तिरका काढता येतो. तो बहुतेक वेळा स्टेजखाली जातो. परवा सर रांगत आत गेले आणि मिशीला जाळं लावून बाहेर आले.

"मॅडम," त्यांनी धापा टाकत विचारलं, "तुमची कंबर कधी बरी होते?"

"सांगता येत नाही म्हणतात," मी म्हटलं आणि पुढची सर्व्हिस केली.