जपानी गाण्याला मांडव उभा राहिला

"या गाण्यात देवाचं नाव आहे का?" कदम सरांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

"मग कुणाच्या विरोधात आहे?"

कदम सर कळंबच्या पुढच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. मी कर्जतच्या एका संस्थेची कार्यकर्ती. माझ्या कामाला ‘फॉलोअप’ म्हणतात. म्हणजे वाडीवरच्या मुलींची शाळा दहावीतच सुटू नये म्हणून स्कूटीवरून त्यांच्या मागे फिरायचं आणि त्यांच्या वतीनं भांडायचं. दुसरा भाग मला जास्त जमतो.

या खेपेचं भांडण निरोप समारंभाचं होतं. दहावीतल्या मनीषाला त्यात अ‍ॅनिमेचं गाणं म्हणायचं होतं. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. प्रत्येक भाग संपताना एक गाणं लागतं, त्याला ‘एंडिंग’ म्हणतात. तिच्या गाण्यात शाळा संपते, मित्र पांगतात, चेरीची फुलं गळतात. असल्या एंडिंगवर आपल्याकडची पोरंही मोबाइल धरून रडतात, एक अक्षर न कळता. यात काय चुकलं? मंगलाष्टकांना आख्खा मांडव रडतो. तिथं कुणी अर्थ विचारतं का?

मनीषा ठाकरवाडीची. वर्गात गप्प असायची. तोंड उघडलं की वाडीची बोली यायची आणि मागच्या बाकांवरून नक्कल सुरू व्हायची. शिक्षकही हसायचे, मी स्वतः पाहिलंय. तिनं मला सरळ सांगितलं होतं, "मराठीत बोलले का हसतात, ताय. जपानी कुनाला येतंय?" गाणं मिळालं नाही तर समारंभाला येणार नाही, हेही सांगितलं होतं. आणि निरोपाला न येणारी मुलगी बऱ्याचदा परीक्षेलाही येत नाही. माझ्यासाठी हा नुसता गाण्याचा प्रश्न नव्हता.

म्हणून मी पत्रक काढलं. ‘गॅदरिंगला आयटम साँग चालतं, मग निरोपाला जपानी का नको?’ असा जळजळीत मथळा दिला. कदम सरांनी ते शांतपणे वाचलं, लाल पेनानं तपासलं आणि मथळ्याला दहापैकी सात देऊन मला परत केलं.

शेवटी त्यांनी अट घातली. गाण्याचा मराठी अर्थ आणा, शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांना दाखवतो. मी इंटरनेटवरून अर्थ काढून नेला.

"चेरी आपल्याकडे होत नाही," सर म्हणाले. "पळस करा."

मी म्हटलं, सर, गाणं जपानीत आहे. त्यात चेरीच राहणार.

"गाण्यात राहू द्या. अर्थात पळस करा."

मग त्या अर्थात शिक्षकांचे आभार आले. मग शाळेच्या संस्थापकांचा त्याग आला. मी दर ओळीला भांडत होते, आणि भांडता भांडता लक्षात आलं की मनीषाच्या गाण्याला अजून कुणी हातही लावलेला नाही. तेव्हा गप्प बसले. अर्थ मंजूर झाला.

समारंभाला प्रमुख पाहुणे शाळेच्या संस्थेचे अध्यक्षच होते, बाळाशेठ. त्यांचं जवळच रिसॉर्ट आहे. तिथं कधीतरी रसायनीच्या एका कारखान्याचे जपानी पाहुणे उतरले होते, तेव्हापासून जपानच्या बाबतीत कळंब परिसरात बाळाशेठचा शब्द शेवटचा. निवेदकानं पळसापासून संस्थापकांपर्यंत सगळा अर्थ वाचला. मनीषा स्टेजवर आली. भीतीनं तिचे हात अंगाला चिकटले होते, टाचा जुळल्या होत्या, नजर समोर. पियानोचा संथ ट्रॅक सुरू झाला.

बाळाशेठनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे, आणि ते उठून सावधान उभे राहिले.

अध्यक्ष उठले म्हणून कदम सर उठले. सर उठले म्हणून शिक्षक, मग पालक, मग वर्गच्या वर्ग. मागं एक आजोबा बसूनच होते. त्यांना मुलानं दटावलं, "उठा, आबा. त्यांचं राष्ट्रगीत हाय." आबांनी टोपी सारखी केली आणि उठले.

मनीषा गात राहिली. नक्कल करणारी पोरं पहिल्याच रांगेत होती, पण सावधान उभं राहून हसणार कसं? शिवाय कदम सर बघत होते. एंडिंगला मध्ये एक जागा असते, संगीत थांबतं आणि संपलं असं वाटतं. तिथं सगळे अर्धे खाली बसले. ट्रॅक पुन्हा सुरू झाला. सगळे पुन्हा ताठ. त्यानंतरच्या कडव्याला ठाकरवाडीच्या दोघी मुलींनी एकमेकींचा हात घट्ट धरला आणि जमिनीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रडतायत.

गाणं संपलं. बाळाशेठ कमरेत खाली वाकले, जपानी पाहुणे वाकायचे तसे. मग आख्खा मांडव वाकला. मनीषासमोर.

भाषणात बाळाशेठनी उच्चारांचं कौतुक केलं. "मी जपान्यांत उठलो-बसलोय," ते म्हणाले. "पोरीचं जपानी एक नंबर हाय. त्यातलं दुसरं कडवं तर अस्सल."

मी मांडवामागे मनीषाला गाठलं. ती घामानं भिजली होती.

"दुसरं इसरले, ताय," ती म्हणाली. "मंग आमच्या वाडीतलं टाकलं. नवरी सासरी निंगते तवाचं."

माझं डोकंच फिरलं. ज्या बोलीला वर्षभर हसले, तिच्यासमोर हे सगळे वाकून उभे होते! मी माइककडे निघाले. सगळ्यांच्या तोंडावर सांगणार होते, नावं घेऊन. मनीषानं माझी ओढणी धरली.

"नको, ताय. उभी ऱ्हायलीत ना सगळी? ऱ्हाऊ दे."

मी माइकचा नाद सोडला. ती परीक्षेला बसली. आता कर्जतला अकरावीत आहे आणि वर्गात बोलते, असं तिच्या बाई सांगतात. शाळेनं ते गाणं दरवर्षीच्या निरोपाला ठरवून टाकलंय, दुसऱ्या कडव्यासकट, उभं राहून.

या कामात एक गोष्ट शिकले. लोकांचं अज्ञान दूर करणं आपलं कर्तव्य आहे. पण ते आपल्या मुलीच्या उपयोगी पडत असेल, तर घाई करू नये.