मामाची मोटार आणि अर्धा तास

जुळे सोलापूर भागातल्या मामाच्या बंगल्यात पंखा लावायचा असेल, तर आधी फोन शोधावा लागायचा. फोन उशाखाली असायचा, उशी वरच्या खोलीत, आणि मामा खाली घामाघूम होऊन सोफ्यावर. पंख्याचं बटण त्याच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर होतं, पण ते दाबणं त्याला आता कमीपणाचं वाटे. "हे घर आता हुशार झालंय," असं तो येईल त्याला सांगायचा. घर हुशार झालं होतं की नाही मला ठाऊक नाही, मामा मात्र रोज थोडा थोडा बिनकामाचा होत होता.

सगळं त्याच्या पुण्यातल्या मुलानं करून दिलं होतं. टीव्हीखाली, टीव्हीलाच जोडलेला एक छोटा मॅक संगणक ठेवला होता आणि त्याच्यावर घर चालवणारा प्रोग्राम. दिवे, पंखे, फाटक, गिझर, सगळ्यांची दोरी त्याच्या हातात. मुलानं प्रोग्राम एका काळ्या खिडकीत सुरू करून ठेवला, "ही खिडकी बंद करायची नाही" असं बजावलं आणि तो पुण्याला गेला. मामीला तिची मालिका बघायची होती. पडद्यावर काळी खिडकी मध्ये येत होती. तिनं कोपऱ्यातलं लाल टिंब दाबलं. घर जागच्या जागी मेलं. फाटक उघडेना, आणि मामा आपल्याच बंगल्याबाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहिला.

म्हणून मला बोलावणं आलं. मी संगणकाची बारीकसारीक कामं करून पोट भरतो. एरवी त्या घरात मला फारसं कुणी विचारत नसे, कारण माझा बाप पत्रकं काढणारा माणूस होता. आमच्याकडे जेवणाआधी पत्रकांच्या घड्या घालायच्या असत. मी अक्षरं शिकलो तीच मुळी 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. मामाचं मार्केटात दुकान. आमच्याकडे येताना तो चपला दारात न काढता गाडीतच काढायचा, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून.

काम अवघड नव्हतं. त्या प्रोग्रामला खिडकीतून बाहेर काढून पडद्यामागे ढकलायचं. एक लहानशी फाइल लिहायची आणि मॅकला सांगायचं: हा प्रोग्राम तू स्वतः सुरू कर, पडला तर परत उभा कर, कुणाला दाखवू नकोस. पहिल्यांदा मी फाइल चुकीच्या फोल्डरात ठेवली. दुसऱ्याच दिवशी वीज गेली आणि आली. मॅक उठला, पण पासवर्ड मागत बसला. कुणीतरी आत शिरल्याशिवाय त्या फोल्डरातलं काही हलतच नाही. मामाला पासवर्ड आठवेना. मग मी फाइल मॅकच्या मूळ फोल्डरात नेली, तिथून प्रोग्राम कुणाच्याही लॉगिनची वाट न पाहता चालू होतो. खात्री करायला तीन वेळा प्लग उपटून बघितला. तिन्ही वेळा घर आपोआप उठलं. मामीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढली. मी फुशारलो होतो, हे कबूल करतो.

तेव्हा मामा म्हणाला, "आता एकच राहिलं. पाण्याची मोटार."

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. येतं तेव्हा थोडा वेळ येतं. मामाची मोटार नळाच्या लाइनीलाच थेट जोडलेली होती. ती सुरू झाली की गल्लीतलं पाणी त्याच्या हौदात ओढलं जायचं आणि पुढच्या घरांचे नळ कोरडे. हे बेकायदा आहे, हे मला माहीत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशाच मोटारींविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं होतं, घरोघर वाटलंही होतं. त्या सोफ्यावर बसून मी स्वतःला सांगितलं की मी मोटार जोडत नाहीये, मी फक्त सॉफ्टवेअर बघतोय. इतका स्वस्त युक्तिवाद माझ्या विरोधकानं केला असता तर मी त्याला सोलून काढला असता.

"मोटार लावायला बाई आहे की," मी म्हणालो.

"तीच तर अडचण," मामा म्हणाला. "पाणी सहाला येतं. ही बया साडेसहाला उगवते. किती सांगितलं. आळशी जात."

ती बाई म्हणजे त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी मावशी. गल्लीच्या शेवटी, जिथं पाइप संपतो, तिथं दोन खोल्यांत राहायची. पाण्याच्या दिवशी मोटार सुरू करायचं काम कित्येक वर्षं तिच्याकडेच होतं. मामाच्या मुलानं पाइपावर पाण्याचा दाब ओळखणारा सेन्सर आधीच बसवला होता. मी चार ओळी लिहिल्या: पाइपात पाणी आलं की मोटार चालू. अंगणातल्या भिंतीवरचं मोटारीचं बटण तसंच राहू दिलं, फोनवर मात्र ते घेतलं नाही.

पाण्याच्या पुढच्या दोन पाळ्यांना मोटार सहाच्या ठोक्याला लागली. पहिल्याच पाळीला मामानं मला फोन करून शाबासकी दिली. "पाणी आलं की एक मिनिट वाया नाही!"

दुसऱ्या पाळीच्या दिवशी मी मामाकडून निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी मावशीनं मला अडवलं. तिच्या काखेत घागर होती, रिकामी.

"काय भाचेबुवा, ते यंत्र तुमीच बसवलं म्हनं?"

"होय, मावशी."

"लई झ्याक. आमच्या नळाला आता निस्तं वारं येतंय. फुस्स! पोरं हसत्यात."

तिनं घागर दुसऱ्या काखेत घेतली.

"मालक म्हनत्यात मी आळशी हाय. मी पाचाला उठते. अर्धा तास का थांबत होते, कुनी इचारलं का मला?"

मग तिनं सांगितलं. पाणी सुटलं की आधी ती आपली भांडी भरायची. शेजारच्या चार घरांना आवाज द्यायची, तीही भरून घ्यायची. शेवटची घागर भरली की पदर खोचून गल्ली चढायची आणि मामाची मोटार लावायची. मामाचा हौद तरीही भरायचा, फक्त उशिरा. आमच्या सगळ्या सभांनी जे कधी जमवलं नाही, ते ही बाई दर पाळीला न चुकता जमवत होती, आणि मी ते चार ओळींत पुसून टाकलं होतं.

मला पेटायला एवढं पुरे होतं. मोटार उखडलीच पाहिजे, मी म्हणालो, तक्रार करू, गल्लीची सभा घेऊ, सह्या गोळा करू.

तिनं शांतपणे ऐकलं. "तक्रार केली तर मोटार जाईल, का माजं काम जाईल?"

मग तिनंच पुढं विचारलं.

"त्या यंत्रात अर्धा तास बसतो का?"

"बसतो."

"मग बसवा की. भाशन कशाला करताय? आन माजं नाव न्हाय आलं पायजे."

एवढं मोठं अन्याय्य जग आणि मागणी अर्ध्या तासाची! मला तिचाही राग आला, हे लिहायला लाज वाटते. मागणी तिची होती, तहान तिची होती, आणि घोषणा म्हणून ती मला अपुरी वाटत होती.

मी तसाच माघारी गेलो. पाणी आलं की तीस मिनिटं थांब, मग मोटार, एवढं लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चोरून करून निघून जाता आलं असतं. पण चोराकडून चोरून घ्यायचं, तर मग बापाकडे मी शिकलो काय? मी मामाला सांगितलं.

"अर्धा तास? कुणी सांगितलं?"

"मीच ठरवलं. पुढच्या घरांना पाणी मिळत नाही."

"माझ्या घरात बसून तू ठरवणार?" मामा सोफ्यावरून अर्धा उठला. "बापानं हेच शिकवलं वाटतं! काढ ते आत्ता."

"नाही काढणार. लवकर पाहिजे तर भिंतीवर बटण आहे. सहाला उठा, अंगणात जा, दाबा."

मामा माझ्याकडे बघतच राहिला, जणू मी त्याला हौदात उतरायला सांगितलं होतं.

"दुसरा माणूस आणतो मी!"

"आणा."

"हौद भरतोय न्हवं तरी बी?" आतून मामी म्हणाली. "काय बुडतंय? आन मला सांगू नका बटनाचं, माजी पूजा असती त्या टायमाला."

मामानं मला पुन्हा न येण्याबद्दल सांगितलं. शेंगाचटणी कायमची बंद झाली.

पुढच्या पाळीला मी सहाच्या आधी मावशीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मामा उठेल, अशी भीती होती. बंगला तिथून दिसतो. दिवे आपोआप लागले, फाटकावरचा आपोआप विझला. माणूस कुणी बाहेर आला नाही. दहा पावलं चालून एक बटण दाबलं असतं तर सगळं पाणी त्याचं होतं. तेवढंही त्याच्याच्यानं होईना. ज्या आळसासाठी त्यानं लाखभर रुपये खर्चले, त्याच आळसानं गल्लीला अर्धा तास मिळाला. माझ्या तत्त्वांचा त्यात फारसा वाटा नव्हता.

नळानं आधी वारं सोडलं, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. मावशीनं शेजारी हाक दिली. भांडी लागली. मी एक कळशी उचलायला पुढे झालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सांडाल."

"त्यानं खरंच दुसरा माणूस आणला तर?" मी विचारलं.

"आनंल तवा बगू. ती बादली सरकवा हिकडं."

बादली काठोकाठ आली आणि धार एकदम दोऱ्याएवढी झाली. मावशीनं नळाकडे पाहिलं, मग बंगल्याकडे.

"लागली मोटार," ती म्हणाली, आणि पदर खोचून मामाकडची भांडी घासायला निघाली.